देवगावच्या तहातलं फ्रेंच कलम

१५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड पडला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १७ तारखेला, गडाच्या दक्षिणेला देवगावच्या इंग्रज छावणीत नागपूरकर भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र आणि मेजर जनरल आर्थर वेलस्ली यांच्यात तह ठरला. हरलेल्या बाजूने काय सोडायचं ते त्यात सरळ लिहिलं आहे. बालासोरसह कटक प्रांत ईस्ट इंडिया कंपनीला द्यायचा. वर्धा नदीच्या पश्चिमेच्या वऱ्हाडावरचा हक्क सोडायचा; तो मुलूख कंपनीचा मित्र म्हणून निजामाकडे गेला. भोसल्यांकडे उरले नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले आणि त्यांच्या लगतचा चार लाख वसुलाचा प्रदेश. आज वाशीम जिल्ह्यात कारंजा तालुक्यात असलेलं धनज वर्धेच्या पश्चिमेलाच येतं. तोवर या टापूत निजाम आणि भोसले दोघांचाही वसूल चाले. लोक त्याला दोअंमली म्हणत. कारंजा, धनज, मूर्तिजापूर, वाशीम या गावांची दोअंमली देवगावच्या कागदाने संपली.

त्याच कागदात आणखी एक कलम आहे. फ्रेंच माणसाला, किंवा इंग्रजांशी ज्यांचं युद्ध चालू असेल अशा कोणत्याही युरोपीय वा अमेरिकन सत्तेच्या प्रजाजनाला सेनासाहेब सुभ्यांनी, म्हणजे नागपूरकर भोसल्यांनी, कधीही चाकरीत घ्यायचं नाही आणि ठेवायचंही नाही. तेरा दिवसांनी, ३० डिसेंबरला, अंजनगाव सुर्जी इथे दौलतराव शिंद्यांशी तह झाला आणि त्यातही याच अर्थाचं कलम आलं. शिंद्यांच्या बाबतीत ते समजण्यासारखं आहे, कारण त्यांच्या पलटणी फ्रेंच सरदारांच्या हाताखाली होत्या. पण नागपूरकरांकडे फ्रेंच सरदारांची नाव घेण्याजोगी पलटण कधी नव्हती. मग वऱ्हाडच्या तहात फ्रेंच आले कुठून?

हे कलम केवळ सावधगिरीचं वाक्य नाही, अशी माझी पक्की समजूत आहे. १८०३चं युद्ध ज्या धास्तीपोटी आखलं गेलं आणि जिच्या नावावर लंडनमध्ये मान्य करून घेतलं गेलं, ती धास्ती या कलमात जशीच्या तशी उतरली आहे. पॅरिस आणि लंडन यांचं भांडण वऱ्हाडात कोणत्या वाटेने पोचलं हे त्यावरून कळतं.

त्या धास्तीचा उपयोग पहिल्यांदा आपल्याच मुत्सद्द्यांनी केला होता. १७७७च्या मे महिन्यात सेंट लुबिन नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात आला. आपण फ्रान्सच्या राजाचे वकील आहोत, असं त्याचं म्हणणं. नाना फडणिसांनी त्याचं थाटात स्वागत केलं. फ्रेंच फौज, तोफा आणि कोकणातलं एखादं बंदर यांच्या गोष्टी सुरू झाल्या. लुबिनच्या शब्दाला पॅरिसमध्ये फारशी किंमत नव्हती आणि नानांसारख्या माणसाला ते उमगलं नसेल असं वाटत नाही. रघुनाथरावांना पाठीशी घालणाऱ्या मुंबईकर इंग्रजांना धाक बसावा, एवढंच त्यांना हवं होतं. तो बसला, पण नको तेवढा बसला. पुण्यात फ्रेंच पाय रोवतायत असं कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जने मनावर घेतलं आणि बंगालमधून मुंबईकडे फौज रवाना केली. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध भडकण्यात या भीतीचा वाटा मोठा होता.

नागपूर दरबार या खेळात तेव्हाच ओढला गेला. १७७८ साली युरोपात इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटलं. हेस्टिंग्जने अलेक्झांडर एलियट या तरुण अधिकाऱ्याला मुधोजी भोसल्यांकडे वकील म्हणून धाडलं. वाटेत कटकला त्याला कळलं, की चंद्रनगरचा फ्रेंच गव्हर्नर शेव्हालिए निसटून याच बाजूला आला आहे. कटक भोसल्यांचं. तिथल्या मराठी अधिकाऱ्यांकडून एलियटने शेव्हालिएला ताब्यात घेतलं. स्वतः एलियट मात्र नागपूरला पोचलाच नाही. सप्टेंबरमध्ये वाटेतच तापाने गेला. बंगाल आणि मद्रास यांच्यामधला किनारी रस्ता भोसल्यांच्या मुलखातून जातो, ही गोष्ट कलकत्त्याला तेव्हापासून सलत होती. देवगावला कटक सगळ्यात आधी का मागितलं गेलं, त्याचं मूळ इथे आहे.

आता खर्ड्याच्या लढाईकडे येऊ. मार्च १७९५. एका बाजूला निजाम अली, दुसऱ्या बाजूला पेशवे, शिंदे, होळकर आणि नागपूरहून आलेले दुसरे रघूजी भोसले. निजामाच्या कवायती पायदळाचा सेनापती होता फ्रेंच रेमंड. हैदराबादेत हिंदू लोक त्याला मुसा राम म्हणत आणि मुसलमान मुसा रहीम. त्याच्या पलटणींपुढे फ्रेंच राज्यक्रांतीचा तिरंगा फडकत होता. समोर मराठ्यांच्या बाजूने शिंद्यांच्या पलटणी घेऊन उभा होता पेराँ. तोही फ्रेंचच. दोन फ्रेंच सेनानी एकमेकांवर तोफा डागत होते आणि दोघेही आपापल्या धन्याचं मीठ खात होते. हे दृश्य मला फार महत्त्वाचं वाटतं. हिंदुस्थानातले हे फ्रेंच ‘फ्रेंच सत्ता’ नव्हते. पगार, जहागिरी आणि म्हातारपणी युरोपात नेण्यापुरता पैसा, यासाठी ते आले होते. पेराँच्या आधी शिंद्यांच्या पलटणी ज्याने उभ्या केल्या तो डी बॉइन तर जन्माने फ्रेंचही नव्हता, सव्हॉयचा होता. तो आपली मिळकत घेऊन युरोपात परतला. पुढे १८०३च्या सप्टेंबरात असईला शिंद्यांचं पायदळ ज्याच्या हाताखाली लढलं, तो पोलमन हॅनोव्हरचा. म्हणजे इंग्लंडचा राजा ज्या संस्थानाचाही धनी होता, तिथला.

१७९८ मध्ये चित्र पालटलं. जानेवारीच्या अखेरीस मॉरिशसचा फ्रेंच गव्हर्नर मालार्तिक याने जाहीरनामा काढला, की टिपू सुलतानाने इंग्रजांविरुद्ध फ्रान्सशी मैत्री मागितली आहे आणि स्वयंसेवकांनी नावं नोंदवावीत. गुप्त राहायची गोष्ट चव्हाट्यावर आली. मंगळूरला उतरले शंभराच्या आसपास लोक. पण तो जाहीरनामा जूनमध्ये कलकत्त्याच्या वर्तमानपत्रात छापून आला, तेव्हा गव्हर्नर जनरल होऊन आलेल्या रिचर्ड वेलस्लीला कलकत्त्यात महिनासुद्धा झाला नव्हता. हा आर्थर वेलस्लीचा थोरला भाऊ. तिकडे मे महिन्यात नेपोलियन तूलाँहून निघाला होता आणि १ जुलैला इजिप्तच्या किनाऱ्यावर उतरला. लाल समुद्रातून हिंदुस्थान गाठायचा बेत त्याच्या मनात होता. १ ऑगस्टला नाईलच्या मुखाशी नेल्सनने त्याचं आरमार बुडवलं आणि तो बेत जवळपास तिथेच संपला. पण त्या काळी इजिप्तची बातमी बंगालला यायला महिने लागत. त्या महिन्यांत रिचर्ड वेलस्ली अडून बसला नाही. बातमी येण्याआधीचं भय त्याला निर्णयासाठी पुरेसं झालं.

पहिला वार हैदराबादेत झाला. रेमंड मार्चमध्ये वारला होता. त्याच्या मागे सुमारे चौदा हजारांची फौज पिराँ नावाच्या अधिकाऱ्याकडे आली होती. १ सप्टेंबरला निजामाने कंपनीशी नवा तह केला: इंग्रज फौज वाढवायची, फ्रेंच पलटणी मोडायच्या. २२ ऑक्टोबरला कर्नल रॉबर्ट्सच्या तुकड्यांनी छावणीला वेढा घातला. आत वेगळाच गोंधळ होता. थकलेल्या पगारासाठी शिपायांनी आपल्याच फ्रेंच अधिकाऱ्यांना कोंडून ठेवलं होतं. रेसिडेंट कर्कपॅट्रिकचा मदतनीस जॉन माल्कम बोलणी करायला आत गेला, तर शिपायांनी त्यालाही धरलं. पूर्वी त्याच्या पलटणीत चाकरी केलेले काही शिपाई त्या गर्दीत होते, त्यांनी त्याला सोडवलं, असं माल्कमच्या चरित्रात नोंदलं आहे. रात्रीतून फ्रेंच अधिकारी इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि शिपायांनी हत्यारं खाली ठेवली. एक गोळीही सुटली नाही. निजामाची स्वतंत्र फौज संपली आणि तिच्या जागी इंग्रज अधिकाऱ्यांची फौज, तिचा खर्च आणि त्या खर्चाचं कर्ज आलं. वऱ्हाडच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या दृष्टीने त्या दिवसाइतका महत्त्वाचा दिवस मला दुसरा दिसत नाही. पण तो परिणाम उघड व्हायला वेळ होता.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू लढताना मेला. नेपोलियनने त्याला कैरोहून लिहिलेलं पत्र त्याच्या हाती कधी पडलंच नाही, वाटेतच इंग्रजांना सापडलं. आता दख्खनमध्ये उरले मराठे. त्याच वर्षी नागपूरला कंपनीचा वकील म्हणून आला हेन्री थॉमस कोलब्रुक, संस्कृतचा मोठा पंडित. रघूजींना तैनाती फौजेच्या, म्हणजे त्यांच्याच खर्चाने त्यांच्या मुलखात राहणाऱ्या इंग्रज फौजेच्या, गोटात ओढायचं काम त्याच्याकडे होतं. दोन वर्षं तो नागपुरात राहिला आणि १८०१ साली रिकाम्या हाताने परतला. रघूजींनी त्याचा मान राखला, पण फौज घेतली नाही. हैदराबादचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. युरोपात कोणाचं कोणाशी वाकडं आहे यापेक्षा परकी पलटण आपल्या दारात किती खोल येते, याकडे त्यांची नजर होती. त्या काळात इतकं स्पष्ट पाहणारे दरबार फार थोडे.

बाकीच्या मराठी सत्तांची घडी मात्र उसवत होती. महादजी शिंदे १७९४ मध्ये गेले, नाना फडणीस १८०० मध्ये. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला शिंदे आणि पेशव्यांच्या फौजा मोडल्या. पेशवा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईत इंग्रजांचा आश्रित झाला. वसईच्या तहातही इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रातले युरोपीय चाकरीत न ठेवण्याची अट आहे. म्हणजे देवगावचं कलम नवं नव्हतं. हैदराबादला प्रत्यक्ष अमलात आलेलं, वसईला पेशव्याच्या गळ्यात घातलेलं, ते पुढे नागपूरकरांपर्यंत आलं.

आणि गंमत अशी नव्हे, तर खेदाची गोष्ट अशी, की वसईचा तह होत असताना युरोपात शांतता होती. मार्च १८०२ मध्ये आमियाँ इथे इंग्लंड-फ्रान्सचा समेट झाला होता. त्यानुसार पाँडिचेरी फ्रेंचांना परत मिळायची होती. ती ताब्यात घ्यायला जनरल देकां ६ मार्च १८०३ रोजी ब्रेस्ट बंदरातून निघाला. आरमाराचा प्रमुख लिन्वा. बरोबरचे सैनिक दीड हजाराहूनही कमी. पण देकांला नुसतं बंदर सांभाळायचं नव्हतं. देशी राजांची मनं चाचपायची, इंग्रजांविरुद्ध कोण उभं राहील ते पाहायचं, अशा सूचना नेपोलियनने त्याला दिल्या होत्या. तो समुद्रात असतानाच, १८ मेला, इंग्लंडने पुन्हा युद्ध पुकारलं. रिचर्ड वेलस्लीने पाँडिचेरीचा ताबा देण्यात मुद्दाम टाळाटाळ चालवली होती. जुलैच्या ११ तारखेला देकांची जहाजं पाँडिचेरीसमोर आली, तेव्हा शहरावर इंग्रजांचा अंमल कायम होता आणि इंग्रज आरमार जवळच होतं. तेवढ्यात फ्रान्सहून मागोमाग आलेल्या जहाजाने हुकूम आणला, की मॉरिशसला जा. एका रात्रीत फ्रेंच जहाजं गुपचूप निघून गेली. शिंदे-भोसल्यांना मिळू शकली असती ती फ्रेंच मदत काहीच न करता परतली.

नेमक्या त्याच दिवसांत अजिंठ्याच्या घाटाकडे वाटाघाटी टिपेला पोचल्या होत्या. शिंदे आणि भोसले जूनमध्ये एकत्र आले होते आणि त्यांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीजवळ तळ ठोकून होत्या. शिंद्यांच्या छावणीत कंपनीचा रेसिडेंट कर्नल कॉलिन्स होता. तो रोज विचारी, लढाई की सलोखा? दौलतरावांनी त्याला आधीच सांगितलं होतं, की रघूजींची भेट झाल्यावर उत्तर मिळेल. भेट झाली, तरी उत्तर लांबतच गेलं. यशवंतराव होळकरांनाही बरोबर घ्यावं म्हणून रघूजी खटपट करत होते. होळकर आले नाहीत. २६ जूनला गव्हर्नर जनरलने भावाला, आर्थरला, लढाई आणि तह दोन्हींचे पूर्ण अधिकार दिले. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडच्या जनरल लेकला त्याने युद्धाची उद्दिष्टं कळवली. त्यांत यमुनेकाठी पेराँने उभी केलेली फ्रेंच सत्ता मोडणं अग्रभागी होतं.

आर्थरची मागणी अशी, की शिंद्यांनी उत्तर हिंदुस्थानात आणि भोसल्यांनी नागपूरला परतावं, मग आपण फौजा मागे घेऊ. त्यावर दोघा मराठी सरदारांनी दिलेलं उत्तर मला या सगळ्या पत्रव्यवहारातलं सगळ्यात सरळ वाटतं. तुम्ही तुमच्या फौजा मद्रास, श्रीरंगपट्टण आणि मुंबईला परत कधी नेता तो दिवस नेमा. त्या दिवशी आम्ही बऱ्हाणपूरला जाऊन पोचतो. बरोबरीच्या दोन सत्तांमधला हा सौदा होता. पण इंग्रजांना बरोबरीची बोलणी नकोच होती. ३ ऑगस्टला कॉलिन्सने छावणी सोडली. १२ तारखेला अहमदनगरचा किल्ला इंग्रजांकडे गेला.

उत्तरेत काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण फ्रेंच धास्तीचा खरा कस तिथे लागला. ४ सप्टेंबरला अलीगड पडलं. पेराँने तीनच दिवसांत शिंद्यांची चाकरी सोडली आणि इंग्रजांच्याच संरक्षणाखाली आपली मिळकत घेऊन निघून गेला. ज्या माणसाच्या नावाने युद्ध मांडलं, तो पहिल्याच महिन्यात बाजूला झाला. ११ सप्टेंबरला दिल्लीसमोर शिंद्यांचा फ्रेंच सरदार बुर्किन हरला. शिंद्यांचे शिपाई मात्र हटले नाहीत. असईला त्यांनी इंग्रजांचे दीड हजारांहून जास्त लोक मारले-जखमी केले. नोव्हेंबरात लासवाडीलाही तेच शिपाई अखेरपर्यंत लढले, आणि तेव्हा त्यांचे फ्रेंच सरदार बहुतेक निघून गेलेले होते.

मग युद्ध वऱ्हाडात उतरलं. २९ नोव्हेंबर. आजच्या अकोला जिल्ह्यातलं तेल्हारा तालुक्यातलं अडगाव. दिवसभर कूच करून दमलेल्या फौजेला मुक्काम द्यायचा आर्थर वेलस्लीचा विचार होता. वाटेतल्या एका गावच्या बुरुजावर चढून त्याने पाहिलं, तर कोसभरापलीकडे भोसल्यांची फौज रांग धरून उभी. रघूजींचे भाऊ व्यंकोजी, म्हणजे मन्याबापू, तिचे सेनापती. शिंद्यांचे घोडेस्वारही होते. दुपार कलली असताना इंग्रज फौज सिरसोली गावाच्या बाजूने पुढे सरकली आणि भोसल्यांच्या तोफा एकदम सुटल्या. तोफा ओढणारे बैलवाले पळाले. असईला नेटाने लढलेल्या तीन हिंदुस्थानी पलटणीही उलट्या फिरल्या. वेलस्ली स्वतः घोडा घालून त्यांच्यात गेला, त्यांना गावाआड नेऊन पुन्हा उभं केलं. आपण तिथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, असं त्यानेच नंतर पत्रात लिहिलं. पण दिवस त्याचाच झाला. ३८ तोफा हाती लागल्या. घोडदळाचा पाठलाग चांदण्यात उशिरापर्यंत चालला.

गाविलगडाने आणखी पंधरवडा घेतला. इंग्रज अधिकारी स्टीव्हन्सनच्या तुकडीने मेळघाटच्या डोंगरातून स्वतः रस्ता फोडत, ओढून ओढून तोफा गडाच्या उत्तरेला नेल्या. १५ डिसेंबरला आतल्या तटाला शिडी लागली. राजपूत किल्लेदार बेनीसिंग दरवाज्याशी लढताना पडला. त्याच साली दख्खनभर दुष्काळ होता. वऱ्हाडच्या रयतेवर लढाई आणि उपासमार एकदम कोसळली. इतिहासात अडगावच्या तोफा मोजल्या जातात. त्या हिवाळ्यात वैरणीवाचून मेलेली जनावरं आणि ओस पडलेली घरं यांचाही हिशेब या युद्धात धरायला हवा.

तहानंतर नागपूरला रेसिडेंट म्हणून गेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. असई, अडगाव, गाविलगड तिन्ही ठिकाणी तो आर्थर वेलस्लीच्या बरोबर होता. चार वर्षं त्याने नागपूरचा दरबार जवळून पाहिला. फ्रेंच सरदार तिथे त्याला शोधूनही सापडण्यासारखे नव्हते. रघूजींनी तैनाती फौज शेवटपर्यंत घेतली नाही. १८१६ मध्ये ते वारल्यावरच आप्पासाहेब भोसल्यांच्या सहीने ती नागपुरात शिरली. तोवर फ्रेंचांचं भय उरलंच नव्हतं, कारण मॉरिशससुद्धा १८१० च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतलं होतं. भय गेलं, तरी त्याच्या नावाने लादलेली फौज आणि कलमं गेली नाहीत.

फ्रेंच धोका पूर्ण खोटा होता असं मी म्हणणार नाही. नेपोलियनच्या मनात हिंदुस्थान होता, देकांला पाठवलं होतं, आणि मालार्तिकच्या जाहीरनाम्याने संशयाला पुरावा दिला होता. पण दीड हजार माणसं आणि एकमेकांवर तोफा डागणारे पगारी सरदार यांच्या जोरावर हिंदुस्थान जिंकता येत नव्हता, हे कलकत्त्यालाही दिसत होतं. खर्चाच्या नावाने कुरकुरणाऱ्या कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांना नवी युद्धं पटवायला मात्र फ्रेंचांचं नाव फार उपयोगी पडलं. नानांनी १७७७ मध्ये मुंबईकरांना जो धाक दाखवला, तोच उलटून मराठी राज्यावर आला. फरक एवढाच, की नानांच्या हाती तो डाव होता आणि रिचर्ड वेलस्लीच्या हाती त्यामागे फौज होती.

निजामाच्या हाती आलेल्या वऱ्हाडाचं पुढे काय झालं? हैदराबादेत रेमंडच्या पलटणी मोडल्यावर पोकळी उरली होती. तैनाती फौजेवर भागेना, म्हणून निजामाच्याच पैशाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली वेगळी कंटिंजंट फौज उभी राहिली. तिच्या पलटणी हिंगोलीसारख्या छावण्यांत असत. तिचा पगार दर महिन्याला चुकता करणं निजामाला जमेना. वसुलाचे परगणे सावकारांकडे गहाण पडत गेले. वऱ्हाडातल्या गावांना एका मक्तेदाराकडून दुसऱ्याकडे असं सोपवलं जाऊ लागलं. थकबाकी वाढत वाढत शेवटी २१ मे १८५३ च्या तहाने कंटिंजंटच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली दिला. कारंजा-धनजच्या पाटील-कुळकर्ण्यांनी त्यानंतर वसुलाचे हिशेब इंग्रज अधिकाऱ्यापुढे ठेवायला सुरुवात केली.